दहा पानांत बसवायचं होतं

वेदीवरची फुलं बदलत होते, तेव्हा फादर मागून आले आणि म्हणाले, "बाई, लिहून घेण्याचं काम तुम्ही कराल का?" ऑक्टोबर २०२१ ची गोष्ट. करोनामुळे बंद असलेली राज्यातली प्रार्थनास्थळं ७ तारखेला नुकती उघडली होती. बाकांवर एकाआड एक बसण्याच्या पट्ट्या अजून चिकटलेल्या होत्या. मी वसईतल्या एका मराठी शाळेत शिकवते. अक्षर बरं आहे, म्हणून धर्मग्रामातलं, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीतलं, काहीही लिहायचं निघालं की ते माझ्याकडे येतं. मला वाटलं सणाचा अहवाल असेल. मी हो म्हणाले.

काम सिनडचं होतं. एरवी सिनड म्हटलं की बिशपांची रोममधली सभा, आपण तिच्याबद्दल फक्त वाचायचं. पोप फ्रान्सिस यांनी या वेळी ती दुसऱ्या टोकाकडून सुरू केली. ९ आणि १० ऑक्टोबरला रोममध्ये उद्‌घाटन झालं आणि १७ तारखेच्या रविवारी जगभरच्या धर्मप्रांतांत, म्हणजे एकेका बिशपांच्या हाताखालच्या मुलखांत. आधी वाडीवस्तीतल्या माणसांनी बोलायचं, ते धर्मग्रामाने लिहून काढायचं. सगळ्या धर्मग्रामांचं धर्मप्रांताने एकत्र करायचं, धर्मप्रांतांचं देशाच्या बिशप परिषदेने, देशांचं खंडाने, आणि मग ते रोमला जायचं. प्रश्न मुळात एकच होता: आपण सगळे एकत्र वाटचाल करतो म्हणतो, ती आज तुमच्या इथे कशी चालली आहे?

फादरांनी दिलेल्या पुस्तिकेत एक सूचना होती, तिच्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली. धर्मप्रांताचा अहवाल दहा पानांपेक्षा मोठा नको. वसई, पालघर, डहाणू, तलासरी असा पसरलेला सगळा मुलूख, आणि पानं दहा. म्हणजे आमच्या धर्मग्रामाच्या वाट्याला अर्धं पान तरी येईल का, असा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला.

शाळेत मला अशी शिडी रोज दिसते. शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा. खालून तक्ते वर जातात, वरून परिपत्रकं खाली येतात. चर्चचंही तसंच असणार, असं धरून मी कामाला लागले. ते धरणं चुकीचं होतं, पण ते कळायला बरेच महिने जावे लागले.

त्याआधी १९९७ मधली एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या मनात हा सगळा विषय तिथून सुरू होतो.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एका हिंदू मुलाशी ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, दोन्हीकडे पसंती. पण ख्रिस्ती आणि स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) न झालेली व्यक्ती यांचं लग्न चर्चमध्ये लावायचं तर बिशपांची खास सूट लागते. ती आमच्या फादरांच्या हातात नव्हती. तेव्हा वसई मुंबईच्या आर्चबिशपांच्या धर्मप्रांतात होती आणि कचेरी कुलाब्याला. अर्ज टपालानेही जाऊ शकला असता, पण बाबांचं म्हणणं, मुलीचं काम आहे, स्वतः जाऊन द्यावं. त्यांनी पहाटे केळीला पाणी सोडलं, पांढरा सदरा घातला आणि आम्ही दोघं गाडीने चर्चगेटला निघालो. सबंध वाटेत ते ओठांतल्या ओठांत इंग्रजी वाक्यं घोकत होते. 'फादर, आय हॅव कम फ्रॉम वसई.' पुढचं वाक्य त्यांना बसतच नव्हतं. अंधेरीपर्यंत त्यांनी ते चारदा बदललं.

कचेरीतल्या फादरांनी बाबांचं पहिलं वाक्य ऐकलं आणि ते सरळ मराठीत बोलायला लागले. पाणी दिलं, अर्ज शांतपणे वाचला. तरी आम्हाला आणखी एक खेप पडली, कारण बहिणीचा स्नानसंस्काराचा दाखला आम्हीच घरी विसरलो होतो. कुणी वाईट वागलं नाही. पण दोन दिवसांची मजुरी गेली, आणि बाबांनी ती वाक्यं घोकली होती. स्वतःच्या बिशपांच्या दारात जाताना माणसाला परक्या भाषेची तयारी करावी लागते, हे माझ्या मनात राहिलं.

२२ मे १९९८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मुंबईतून वेगळा काढून वसई धर्मप्रांत स्थापन केला. पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च कथीड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, झालं. पहिले बिशप थॉमस डाबरे. ते आमच्याच वसईचे, भुईगावचे, त्याआधी मुंबईत सहायक बिशप होते. बातमी आली त्या दिवशी आमच्या घरात दोन तट पडले. काका म्हणाले, "मुंबईपासून तुटलो, आता आपल्याला कोण विचारतं." बाबा म्हणाले, "आता मला इंग्रजी पाठ करावं लागणार नाही."

काकांची भीती खोटी नव्हती. मुंबईच्या आर्चबिशपांचं वजन मोठं, तिथल्या संस्था मोठ्या, व्हॅलेरियन ग्रेशियस हे भारताचे पहिले कार्डिनल १९५३ मध्ये झाले तेही तिथलेच. पण इतक्या वर्षांनी मागे बघताना मला बाबांचं बोलणं खरं वाटतं. वाटणी झाली म्हणजे घर मोडलं, असं आपण शेतजमिनीच्या हिशेबाने समजतो. इथे वाटणीमुळे दार जवळ आलं. मराठी ही फक्त कचेरीत येणाऱ्या माणसाची भाषा राहिली नाही, कचेरीची झाली. उत्तरेकडचे वारली पाडे मुंबईहून नकाशावर दिसायचे, ते आता बिशपांच्या एका दिवसाच्या दौऱ्यात येऊ लागले. शासनाने ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा केला तो १ ऑगस्ट २०१४ ला. खाडीच्या या बाजूच्या माणसांना स्वतःचं केंद्र हवं, ही गरज चर्चने सोळा वर्षं आधी ओळखली होती, याचा मला अभिमान वाटतो.

सिनडच्या कामासाठी जुन्या नोंदी बघाव्या लागल्या, तेव्हा फादरांनी कपाटातली स्नानसंस्काराच्या वह्यांची चळत काढून दिली. प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवल्याच पाहिजेत, असं चर्चचा कायदा सांगतो. कातडी पुठ्ठा, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. आजीचं पान मी शोधून काढलं: १९२४, पोर्तुगीजमध्ये. तिचं नाव ओळखू आलं, बाकी काही कळेना. बाबांची नोंद इंग्रजीत. माझी इंग्रजीत. नंतर माझ्या मुलाची, २००१ ची. आणि एकदम लक्षात आलं की आम्ही चौघं एकाच घरात जन्मलो, एकाच चर्चमध्ये आमच्या डोक्यावर पाणी ओतलं गेलं, पण धर्मप्रांत तीन. १८८६ मध्ये पोर्तुगाल आणि पोप यांच्यात करार होऊन दमणचा धर्मप्रांत झाला, त्यात आमची वसई होती. म्हणजे आजी दमणच्या बिशपांची. १९२८ मध्ये दमणचा धर्मप्रांत मोडला, आम्ही मुंबईत आलो. बाबा आणि मी मुंबईचे. मुलगा वसईचा. घराची चौकट जागची हलली नाही, रेघ दोनदा हलली.

मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसले होते. आजीला कुणी विचारलं नसणार की बाई, तुला कुठल्या बिशपांकडे जायचं आहे. तिच्या वेळची रेघ लिस्बन आणि रोम यांच्यात ठरली. १९९८ ची रेघ लोकांची गरज बघून ठरली, पण तीही रोमनेच आखली. नवा धर्मप्रांत स्थापण्याचा अधिकार फक्त पोपना आहे. नवं धर्मग्राम काढायचं तर तो अधिकार बिशपांचा, आणि तेही धर्मगुरूंच्या मंडळाचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. या कायद्यात सामान्य माणसाला विचारण्याचं कलम मला सापडलं नाही. म्हणून हातातल्या पुस्तिकेचं मोल मला त्या दिवशी जास्त कळलं.

डिसेंबरपासून वाड्यांमध्ये बैठका सुरू झाल्या. आमच्या वाडीची पहिली बैठक एका ओटीवर झाली. पद्धत ठरवून दिलेली होती. आधी प्रार्थना, मग बायबलमधला उतारा, मग थोडी शांतता. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपलं सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. परत शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचं काही मांडायचं नाही, दुसऱ्याचं कोणतं बोलणं मनाला लागलं ते सांगायचं. तिसऱ्या फेरीत सगळ्यांनी मिळून काय ठरतं ते बघायचं. कागदावर हे सोपं दिसतं. वाडीत दुसरी फेरी सगळ्यात कठीण गेली. ज्यांची बांधावरून दहा वर्षं बोलाचाली बंद होती, त्यातल्या एकाने दुसऱ्याकडे बघत म्हणावं, "तुमच्या आईच्या आजारपणाचं तुम्ही सांगितलंत, ते मला लागलं." त्यानंतर कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. मी पेन खाली ठेवलं.

त्या संध्याकाळची एक गोष्ट मला स्पष्ट आठवते, ती म्हणजे पायरीशी काढलेल्या चपला. चौदा जोड. त्यात शेतात जायच्या रबरी, एक पॉलिश केलेला बुटांचा जोड, सिस्टरांच्या काळ्या सँडल आणि एका लहान मुलीच्या दिव्यांच्या चपला. मी सगळ्यांत शेवटी निघाले, म्हणून त्या मोजल्या गेल्या. हजेरी लिहायची राहिली होती, आणि ओटीवर कोण कोण होतं ते मी चपलांवरून आठवलं.

पुढची बैठक इमारतींमध्ये. गेल्या तीसेक वर्षांत रेल्वेच्या बाजूने वसई-विरार इतकं वाढलं की आमच्या धर्मग्रामात जुन्या वाड्यांपेक्षा सोसायट्यांमधली माणसं जास्त आहेत. कोकणी, तमिळ, मल्याळी, हिंदी बोलणारे. एका मजल्यावर मी दार वाजवलं. आतल्या बाई परिचारिका होत्या, केरळच्या. त्या प्रेमाने म्हणाल्या, "या ना आत, पण आमचे बिशप तर कल्याणचे." मी गोंधळले. आम्ही दोघी कॅथलिक, एकाच पोपना मानणाऱ्या, राहतो एका गल्लीत, आणि बिशप वेगळे? मग त्यांनीच समजावलं. त्या सिरो-मलबार चर्चच्या. त्यांचा उपासनाविधी वेगळा, परंपरा वेगळी, आणि महाराष्ट्रात आलेल्या त्यांच्या लोकांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा धर्मप्रांत स्थापन झाला. म्हणजे रेघ फक्त जमिनीवर नसते. एकाच जमिनीवर दोन रेघा एकमेकींना छेदून जातात. त्यांनी चहा दिला आणि आमच्या बैठकीत येऊन बसल्याही. त्यांचं म्हणणं कुठल्या धर्मप्रांताच्या खात्यात लिहायचं, याचा विचार न करता मी लिहून घेतलं.

शिक्षण खात्याची शिडी मी मनातून काढून टाकली ती याच सुमारास. एका बैठकीत एक आजोबा म्हणाले, "आपले बिशप ऐकत नसतील तर मुंबईच्या आर्चबिशपांकडे तक्रार जाते का?" मला वाटलं, जात असेल. फादरांनी सांगितलं, नाही. मुंबई, पुणे, नाशिक आणि वसई या धर्मप्रांतांचा मिळून एक प्रांत आहे आणि मुंबईचे आर्चबिशप त्याचे प्रमुख, पण ते वसईचा कारभार चालवत नाहीत. वसईचे बिशप त्यांचे कनिष्ठ अधिकारी नव्हेत. प्रत्येक बिशप थेट पोपशी जोडलेला, दर पाच वर्षांनी आपल्या धर्मप्रांताचा अहवाल त्याने स्वतः द्यायचा. सिंधुदुर्ग धर्मप्रांत महाराष्ट्रात आहे, २००५ मध्ये पुण्यातून वेगळा झाला, पण त्याचा प्रांत गोवा. देशाची बिशप परिषद असते ती एकत्र विचार करायला. तिचे अध्यक्ष बाकीच्यांचे साहेब नसतात. एवढं मोठं चर्च, १४० कोटी माणसं, तीन हजारांवर धर्मप्रांत, आणि बिशप व पोप यांच्यामध्ये हुकूम देणारं जवळपास कुणी नाही. हे ऐकून मी चकित झाले. त्यातली अडचणही तिथेच दिसली. मधे अधिकारी नाहीत, तर मधे कान कुणाचे? तीन हजार बिशपांचं एका पोपांनी किती ऐकावं? सिनडच्या मधल्या पायऱ्या कशासाठी होत्या, ते मला या प्रश्नातून समजलं.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगते.

रेल्वेपलीकडच्या खोल्यांमध्ये झारखंडहून आलेली काही कुटुंबं राहतात. पुरुष बांधकामावर, बायका घरकाम करतात. ते कॅथलिक आहेत हे आमच्या धर्मग्रामातल्या अनेकांना ठाऊकच नव्हतं. एका रविवारी संध्याकाळी मी आणि सिस्टर तिथे गेलो. दहा बाय दहाची खोली, आठ बायका. तिथली एक तरुण बाई सुरुवातीला बोलेचना. दुसऱ्या फेरीत तिने मान वर केली आणि म्हणाली, "दीदी, हम लोग मिस्सा में पीछे खड़े रहते हैं, फिर चले जाते हैं. छह साल हो गए. नाम कोई नहीं पूछता." मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. तिचं नाव विचारलं आणि बाजूला लिहिलं.

मार्चमध्ये मी धर्मग्रामाचा अहवाल लिहायला बसले. वीस बैठकांच्या नोंदी, तीन पानांची मर्यादा. रात्री जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून मी एकेक मुद्दा उचलत गेले. पहाटे दोन वाजता अहवाल झाला. त्या बायकांच्या बैठकीचं त्यात एक वाक्य होतं: 'स्थलांतरित भाविकांचा धर्मग्रामाच्या जीवनातील सहभाग अपुरा आहे.'

व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर. आणि त्यात माणूस नाही. 'नाम कोई नहीं पूछता' यात दोष कुणाचा ते स्पष्ट आहे: न विचारणाऱ्यांचा, म्हणजे आमचा. माझ्या वाक्यात दोष त्यांच्याच सहभागाचा झाला. मला तेव्हा हे दिसलं नाही. मी थकले होते आणि ते वाक्य अहवालात शोभेल असं वाटत होतं. अहवाल वर गेला.

धर्मप्रांताची सभा झाली तेव्हा सगळ्या धर्मग्रामांचे प्रतिनिधी आले होते. उत्तरेकडच्या एका पाड्यावरचे वारली धर्मशिक्षक माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे दर रविवारी मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची उपासना, होत नाही, फादर पोचू शकत नाहीत, तेव्हा प्रार्थना तेच घेतात. आमच्याकडे रविवारी चार मिस्सा होतात आणि वेळ गैरसोयीची म्हणून आम्ही कुरकुरतो. पंधरा मिनिटांत त्या दोन टोकांचं अंतर मला जितकं कळलं, तितकं वीस वर्षं एकाच धर्मप्रांतात राहून कळलं नव्हतं. सभेत प्रत्येक अहवालातले मुद्दे पडद्यावर दाखवले. माझं वाक्य आलं. दोन धर्मग्रामांचं वाक्य जवळजवळ अगदी तसंच होतं, म्हणून तिन्ही एकत्र करून एक केलं. लोकांनी माना डोलावल्या आणि पुढचा मुद्दा आला. तेव्हा पोटात कालवलं. ती तरुण बाई सगळ्या पायऱ्यांपैकी पहिल्याच पायरीवर, माझ्या टेबलावर गळाली होती. मी उठून तिचं वाक्य मोठ्याने वाचायला हवं होतं. उठले नाही.

ऑगस्ट २०२२ पर्यंत देशांचे अहवाल रोमला पोचले. जगातल्या ११४ बिशप परिषदांपैकी ११२ नी पाठवले. मग रोमजवळच्या फ्रास्काती गावी जगभरातून आलेली पन्नासेक माणसं बसली आणि त्यांनी हे सगळे कागद वाचून एक दस्तऐवज तयार केला. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातलं तंबूची जागा वाढवण्याचं वचन त्याचं शीर्षक होतं. तो पुन्हा खाली, खंडांकडे आला. मला ही गोष्ट फार आवडली. वर गेलेलं परत खाली पाठवून 'आम्ही बरोबर ऐकलं का?' असं विचारणं. माझ्या नोकरीत मी इतके तक्ते भरले, तसं कुणी विचारल्याचं आठवत नाही.

आशियाची सभा फेब्रुवारी २०२३ मध्ये बँकॉकला झाली. १७ बिशप परिषदांचे मिळून जवळपास ८० प्रतिनिधी, २४ ते २६ तारखेपर्यंत. आशियातल्या बिशप परिषदांचा महासंघ १९७० पासूनचा आहे, पोप पॉल सहावे मनिलाला आले त्या वेळी त्याचं बीज पडलं. एरवी मी त्याचं नावही वाचलं नसतं. त्या सभेचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर मात्र मी मुलाकडून छापून घेतला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शब्दकोश घेऊन वाचला. तंबू ही प्रतिमा आशियात सगळ्यांनाच भावेना, अशी चर्चा त्यात होती. आणि त्यांनी आशियाची म्हणून वेगळी प्रतिमा सुचवली होती: घरात किंवा पवित्र जागी शिरताना पादत्राणं काढणं.

मी ते पान मुलाला दाखवलं. त्याला काही विशेष वाटलं नाही. मला ओटीची पायरी दिसत होती, चौदा जोड. आमच्या कागदातून हे तिथे गेलं असं मी म्हणणार नाही, चपलांचा एक शब्दही आम्ही लिहिला नव्हता. पण कुणीतरी, कुठल्यातरी देशात, तसंच एक दार बघितलं होतं. स्थलांतरितांबद्दलही त्यात लिहिलं होतं. मी ते वाक्य परत परत वाचलं. त्या कागदामागे किती पायऱ्यांवर किती माणसं गळाली असतील, आणि तरी एवढं शिल्लक राहिलं.

रोममधल्या दोन सभा, ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४, मी दूरचित्रवाणीवर आणि मासिकांत बघितल्या. बिशप, धर्मगुरू, सिस्टर आणि प्रापंचिक गोल टेबलांभोवती बसले होते. सिनडमध्ये स्त्रियांनी मत देण्याची ही पहिलीच वेळ, पन्नासहून जास्त जणी होत्या. २६ ऑक्टोबर २०२४ ला अंतिम दस्तऐवज संमत झाला आणि पोप फ्रान्सिस यांनी तो तसाच स्वीकारला, आपलं वेगळं पत्र लिहिणार नाही म्हणाले. त्यातल्या १५५ परिच्छेदांपैकी सगळ्यात जास्त विरोधी मतं, ९७, स्त्रियांबद्दलच्या साठाव्या परिच्छेदाला पडली. तरी तो संमत झाला. आमच्या महिला मंडळात त्यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली, आणि मी सांगते, ती चर्चा बिशपांनी ऐकण्यासारखी होती. माझ्या कामाचा मुद्दा दुसरा होता: धर्मग्रामात आणि धर्मप्रांतात सल्लागार मंडळं सक्तीची व्हावीत, अशी इच्छा त्या दस्तऐवजात आहे. आजवर धर्मग्रामाचं आर्थिक मंडळ तेवढं सक्तीचं होतं. पैशाचा हिशेब चार माणसांनी बघायचाच. माणसांचं म्हणणं ऐकणारं मंडळ बिशपांना योग्य वाटलं तर. हा फरक मिटावा, असं मला मनापासून वाटतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात तो अहवाल वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या खोल्यांवर गेले होते. ती बाई तिथेच होती. मी तिला सांगितलं की तुझं वाक्य मी नीट पाठवलं नाही. तिला मी काय म्हणते ते आधी समजलं नाही, मग ती म्हणाली, "आपने लिखा तो था ना." मी वही बरोबर नेली होती. तिला तिचं नाव दाखवलं. त्याच आठवड्यात फादरांना घेऊन गेले आणि आठही कुटुंबं धर्मग्रामाच्या यादीत घातली. यादीत नाव नसलं की मुलांचा स्नानसंस्कार, लग्नाची कागदपत्रं, आजाऱ्याकडे फादरांनी जाणं, सगळंच अडतं. इतकी वर्षं त्यांनी ते गावी जाऊन केलं होतं, दोन दिवसांचा रेल्वे प्रवास करून. मला बाबांच्या कुलाब्याच्या खेपा आठवल्या. त्यांच्यासाठी कचेरी दीड तासावर होती. इथे आमचं चर्च या कुटुंबांच्या खोल्यांपासून वीस मिनिटांवर आहे.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला गेले. हे काम आता थांबेल, अशी धास्ती वाटली होती. ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडून आले, आणि ठरलेलं वेळापत्रक तसंच राहिलं. २०२७ च्या पूर्वार्धात धर्मप्रांतांच्या सभा, त्याच वर्षाच्या उत्तरार्धात देशांच्या, २०२८ च्या सुरुवातीला खंडांच्या, आणि ऑक्टोबर २०२८ मध्ये रोमला सगळ्यांची. या वेळी ठरलं त्यातलं केलं किती, ते बघायचं आहे.

फादर बदलले आहेत. नव्या फादरांनी विचारलं तेव्हा मी लिहून घ्यायला पुन्हा तयार झाले, एका अटीवर. अहवालाच्या प्रत्येक मुद्द्याखाली एका माणसाचं एक वाक्य, तो बोलला त्याच भाषेत, जसंच्या तसं जाईल. पानं वाढली तर माझी वाक्यं कापायची. फादरांनी मान्य केलं आहे. वहीत मी आधीच उभी रेघ मारून ठेवली आहे, डावीकडे त्यांचं, उजवीकडे माझं.

पहिली बैठक त्या झारखंडच्या बाईच्या खोलीत ठरली आहे. या वेळी ओटीवरच्या वाडीतली माणसंही तिथे येणार आहेत. खोली लहान आहे, म्हणून दोन गट करून बसू. तिने विचारलं आहे की चहाला दूध किती आणू.